सात नाण्यांवरची दोन अक्षरं

आल्टनवेर्ट,
१२ ऑक्टोबर १६५०

प्रिय योब्स्टदादा,

देव तुला रेगेन्सबुर्गात सुखात ठेवो. इकडे सगळे बरे. आईचे दात गेले, जीभ मात्र शाबूत आहे. यंदा कोबी उत्तम आला. तिने तीन पिंपं आंबवायला घातली आणि माझ्या बायकोला, कुनिगुंडेला, एकालाही हात लावू दिला नाही. तुझी पुतणी बार्बरा चालायला लागली.

मी टांकसाळीत ठसे कोरायचो, हे तुला ठाऊकच आहे. युद्ध संपल्याच्या आठवणीसाठी नगरसभेने सोन्याचं नाणं पाडायचं ठरवलं आणि ठसा माझ्याकडे आला. एका बाजूला देवदूत, दुसरीकडे आपलं गाव. तू पहारा द्यायचास तो घंटेचा मनोरा जळण्याआधी होता तसाच उभा दाखवायचा, असा हुकूम. सगळा उन्हाळा त्यात गेला. नाणं सुरेख झालं, दादा. तळाशी माझ्या नावाची दोन अक्षरं होती.

सातवं नाणं पडलं तेव्हा नगराध्यक्ष रोट भिंगातून पाहत होते. म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! कठड्यामागचं पहारेकऱ्याचं बाकसुद्धा कोरलंस? ते खालून कधीच दिसायचं नाही. वर तर कुणाला सोडत नसत. तुला कसं ठाऊक?"

कुणीतरी सांगितलं, असं म्हणून सुटलो असतो. पण तोंडातून निघालं, "मी त्यावर बसलोय."

"कधी?"

"आग लागली त्या दुपारी. दादा जेवायला खाली गेला होता. मी चित्र काढत होतो, बोटं गारठली म्हणून शेगडी नेली होती. निघताना ती विझवायची राहिली."

भिंग खाली आलं. मग रोट हळूच म्हणाले, "आणि आम्ही योब्स्टला गावाबाहेर काढलं."

माझं टांकसाळीतलं काम गेलं. जाण्याआधी ठशातल्या त्या दोन अक्षरांवर माझ्याच हाताने पान कोरायला लावलं. पुढची नाणी तशी निघाली. आता मी चमच्यांवर नावं कोरतो. तक्रार नाही.

आईला सांगितलं. तिने सणसणीत थोबाडीत दिली. मग बराच वेळ माझा हात धरून बसली आणि म्हणाली, "लिही त्याला. आत्ता."

दादा, मला चोरून वर नेणारा तूच होतास. शेगडी आपल्या घरातली, हे तू ओळखलं असणार. तरी चौकशीत तू माझं नाव घेतलं नाहीस. वेशीपाशी मला एवढंच म्हणालास, "आईकडे बघ." मी एकोणीस वर्षांचा होतो, घाबरलो. पण नंतरची अकरा वर्षं काही मी एकोणीसचा नव्हतो.

सोबत नगरसभेचा शिक्क्याचा कागद आहे. तुझ्यावरची बंदी उठली. आल्यावर माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

तुझ्या जागी अकरा वर्षं घरात राहिलेला,
तुझा धाकटा
फाइट