नामी गप्प का झाली

८ जानेवारी १९७९
नाताळच्या सुट्टीनंतर भाषांतराची बैठक पुन्हा सुरू. थोरात पाळक, मी, आणि मराठी तपासायला कुलकर्णी सर. सरांचा धर्म वेगळा, पण मराठीतली चूक त्यांना आमच्या आधी टोचते.

बायबलमधलं रूथचं पुस्तक. पहिल्याच अध्यायात अडलो. नामीचा नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. विधवा सुनांना ती सांगते, माहेरी परत जा, दुसरं घर करा. पुनःपुन्हा सांगते. एक परत जाते; दुसरी, रूथ, जात नाही. तुमच्याबरोबरच येणार म्हणते. मग हिब्रूत एवढंच : नामी तिच्याशी बोलायची थांबली.

थो. म्हणाले, "म्हणजे आग्रह सोडला. सरळ आहे."
मी म्हटलं, आग्रह हिब्रूत कुठे आहे तो दाखवा. दाखवता आला नाही.
"बाई, तुम्ही नको तिथे फार वाचता."
"मी आहे तेवढंच वाचते. तुम्ही जास्त वाचता."

नामी आनंदाने गप्प झाली की वैतागाने? पुढे बेथलेहेमपर्यंतच्या वाटेवर दोघींचं एकही वाक्य नाही. तेराच्या बैठकीपर्यंत विचार करू असं ठरलं.

संध्याकाळी माझ्या सुनेचा, शालिनीचा भाऊ आला. मनमाडचं स्थळ. रेल्वेत क्लार्क, पवार नावाचे. बायको वारली, चार वर्षांची मुलगी आहे. शा. दवाखान्यात कामावर होती. भाऊ म्हणाला, "आधी तुम्हाला विचारावं म्हटलं." मला कशाला? लग्न मला करायचं नाही.

९ जाने.
शा.ला सकाळी स्पष्ट सांगितलं. माझ्या सुधीरला जाऊन पाच वर्षं होतील. तू एकतीसची. माणूस बरा दिसतो. जा.
ती कणीक मळत होती. "बघू, आई."
"बघू काय? मी सांगतेय ना."
"ऐकलं, आई."
ऐकलं म्हणजे काय? माझ्या वर्गात असती तर पुन्हा विचारलं असतं. घरात विचारता येत नाही.

१३ जाने.
बैठक. नामी गप्प होते ते वचन तिथेच अडलेलं. ऐकणाऱ्या बायांपुढे वाचून मग ठरवायचं. आपली पद्धतच ती : मसुदा वाचायचा, कागद मिटायचा, आणि त्यांनी आपल्या तोंडाने गोष्ट परत सांगायची. जे परत येतं ते त्यांना कळलं. वाचायला नेहमीप्रमाणे शा. तिचा आवाज स्वच्छ आहे.
थो.ना म्हटलं, या वेळी दुसरं कुणी नेऊ. "का?" कारण सांगितलं नाही, म्हणून शा.च ठरली.

१७ जाने.
चांदवडजवळच्या गावी. बाया कांद्याची लागवड करून आलेल्या, हात मातीचे. शाळेच्या ओट्यावर बसल्या. शा.ने वाचलं. एक सांगू लागली आणि मग सगळ्याच.

"सासू रागावली. सोताचंच खायचे वांधे, त्यात ही गळ्यात पडली."
"रागावली नाय गं येडे. रडू आलं तिला. तोंड उघडलं असतं तं हुंदका बाहेर पडला असता."
तिसरी म्हातारी, तंबाखू मळत : "लय खूश झाली. पर सांगल का? सासू हाय ती!"
खूप हसल्या. मग त्याच म्हातारीने शा.ला विचारलं, "तुला सासू हाय का गं? बोलती का गप ऱ्हाती?"
मी दोन हात अंतरावर बसलेली. त्यांना मी फक्त 'शाळेच्या बाई'.
शा. म्हणाली, "आहेत. बोलतात. जे काय ते तोंडावर सांगतात."
"मग सुखी हायस."
मी वहीत म्हातारीचं वाक्य उतरवून घेतलं, चुकीचं उतरवलं.

परतीच्या एस.टी.त दोघी शेजारी. पिंपळगावपर्यंत एक शब्द नाही. पिंपळगावला तिने विचारलं, "आई, नामीला खरं काय हवं होतं?"
"मुळात लिहिलेलं नाही."
"मूळ कुठे विचारतेय मी?"
मी खिडकी लावून घेतली. वारा फार होता.

२० जाने.
बैठक. थो. म्हणतात, तीन बायांनी तीन अर्थ काढले, म्हणजे वाक्य कच्चं आहे, पक्कं करा. वाचणारा गोंधळात राहता कामा नये.
मी म्हटलं, लिहिणाराच गप्प असेल तर?
कुलकर्णी सर आज माझ्या बाजूने. "आमच्याकडेही सासू गप्प बसली की अर्थ विचारायची पद्धत नाही, पाळकसाहेब. नुसतं जपून वागायचं."
थो. हसले नाहीत. "बाई, हे वचन तुम्ही सोडवा. महिनाअखेर द्या." बाहेर पडताना हळूच : "तुमच्या मनात रूथचं पुस्तकच आहे ना?"
बैठकीत घरचं आणू नये, असं त्यांना सांगून मी निघाले.

२३ जाने.
पवार मुलीला घेऊन आले. नम्र माणूस. चपला सरळ ओळीत काढून ठेवल्या. आवडलं. आवडलं याचा राग आला.
मला म्हणाले, "आई, तुम्हीही मनमाडला येत जा. घर तुमचंच."
येत जा. राहा नव्हे. आणि त्यांनी राहा का म्हणावं? मी कोण त्यांची?
मुलगी माझ्याकडे बघून रडली आणि शा.च्या पदरामागे लपली. मला बघून पोरं नेहमी गप्प होतात. रडणारी ही पहिली. शा. हसली. असं हसलेलं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.
मग ती राजीच आहे का? की पोरीला हसली?

२६ जाने.
सुट्टी. दिवसभर रूथ. पुढचं सगळे विसरतात : नामीच पुढे रूथचं लग्न जुळवते. न्हाऊन घे, चांगलं लुगडं नेस, असं सांगून पाठवते. म्हणजे तिला रूथने जावं असं वाटतच होतं. पण ते लग्न जवळचं. रूथ गावातच राहते, मूल नामीच्या मांडीवर येतं. नामीला मनमाड पाहावं लागलं नाही.
हे वचनाच्या अर्थात धरायचं की नाही? नाही. धरलं तर मी थो.पेक्षा वेगळं काय करते?
चहात साखरेऐवजी मीठ. शा.ने निमूट प्यायला.

३० जाने.
फेब्रुवारीअखेरीस ईस्टरआधीचा उपासकाळ लागतो, त्यात लग्नं होत नाहीत. करायचं तर फेब्रुवारीतच, आणि त्याआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचली पाहिजेत. शा.ला म्हटलं, काय ते सांग.
"तुम्ही म्हणता तर द्या नावं."
"मी म्हणते म्हणून नको."
"मग कशासाठी देऊ?"
"तुला हवं असेल तर."
ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही तीनदा जा म्हणालात, आई. मला काय हवं ते एकदाही विचारलं नाहीत. आता विचारता?"
दवाखान्यात जायची वेळ झाली म्हणून गेली. विचारलं तर काय सांगेल याची मला भीती आहे. दोन्ही उत्तरांची.
नावं तिने स्वतःच जाताना पाळकांकडे दिली. संध्याकाळी थो.कडून कळलं.

१ फेब्रुवारी
वचन द्यायचं राहिलं. 'आग्रह सोडला' लिहिलं, खोडलं. 'तिने मान्य केलं' लिहिलं, खोडलं. थो.चा निरोप आला. अजून नाही, म्हणून कळवलं. आयुष्यात प्रथम काम उशिरा.

४ फेब्रु., रविवार
नेहमीचाच बाक, डावीकडे तिसरा. थो.नी नावं वाचली. विधवा शालिनी, विधुर पवार. कुणाची हरकत असेल त्याने आता सांगावं, म्हणून थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले, असं मला वाटलं. कुणीतरी खोकलं.
शा. पाळकांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी गीतांचं पुस्तक उघडलं.

घरी आल्यावर तिने पदर खोचला, भात टाकला. पाठमोरीच म्हणाली, "आई, तुम्ही काही बोलला नाहीत."
"हरकत असेल तरच बोलायचं असतं."
"म्हणजे हरकत नाही?"
कुकरची शिट्टी झाली. मी कोथिंबीर निवडायला घेतली. तिने पुन्हा विचारलं नाही. मीही तिला विचारलं नाही.

वचन टेबलावर आहे. हिब्रूत आहे तेवढंच लिहिलंय : नामी तिच्याशी बोलायची थांबली. याखाली रेघ मारून पाठवून द्यावं. हात होत नाही.
पुढच्या रविवारी थो. पुन्हा थांबतील.