पेजेची तबकडी

मालवण, ता. १८ फेब्रुवारी १९५८
कुणकेश्वराची जत्रा करून आज दुपारी परत. घसा बसलाय, पाय सुजलेत, पण डोकं भणभणतंय ते दुसऱ्याच कारणाने. तळेऱ्यास एस.टी. बदलायची म्हणून हाटेलात टेकलो. हाटेलवाल्याने फोनोला चावी दिली, आणि तबकडीतून निघालं काय, तर माझाच अभंग.
पेज निवे माझी, येई रे विठ्ठला
किती वेळ तुला हाक मारू
आवाज ब.चा. बबन हे नाव पुरतं लिहायची या वहीत गरज नाही, ब. पुष्कळ झालं. नऊ वर्षं माझ्या मागे बसून झील धरली, माझ्या पेटीवर सूर ओळखायला शिकला. मग मुंबईला नोकरीला गेला, चार चाकरमानी जमवले आणि बुवा झाला. दोन वर्षांमागे त्यांची पहिली तबकडी निघाली, ती कोणी फुकट घेईना. ही दुसरी. हाटेलवाला सांगतो, सकाळपासून नवव्यांदा लावली, गिऱ्हाईक सोडीत नाय.
चार चरण म्हटले आणि संपलं. शेवटचा चरण नाहीच. 'दाजी म्हणे देवा, ताट नाही घरी, पानावर तरी बैस आता.' ज्यात माझं नाव तोच चरण गाळला. बावीस वर्षं म्हणतोय मी तो. तबकडी हातात घेऊन बघितली. मधल्या कागदावर छापलंय: पारंपरिक. चाल माझी, शब्द घरचे, मी अजून जिता आहे, आणि हे म्हणे पारंपरिक.

ता. २० फेब्रु.
ब.ला पत्र लिहिलं. चार पानं झाली, वाचली, फाडली. शेवटी एकच ओळ टाकली: माझे नाव कोठे गेले?
कोणाला लिहितोस, असं बायने विचारलं. कापडवाल्याला, म्हटलं. थोरली बहीण असली म्हणून तिला सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही.

ता. ४ मार्च
आली मालवणात. लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर तीच, बंदरावरच्या हाटेलात तीच. बाजारात बांगड्यांचा वाटा घेत होतो तर मासेवाली भाव सांगता सांगता मध्येच 'किती वेळ तुला' करायला लागली. लोक तिला पेजेची तबकडी म्हणतात.
दुपारी दुकानात एक गिऱ्हाईक आलं, लेंग्याचं माप द्यायला. टेप लावतोय तर मला विचारतो, "बुवा, तुमका ती पेजेची तबकडी येता?"
कंबर दोन इंच कमी धरली. मुद्दाम.

ता. १७ मार्च, सोमवार
आज संध्याकाळी देवळात नेहमीचं भजन. गर्दी कधी नव्हती एवढी. मी 'पेज निवे' घेतला. म्हटलं, आज सगळ्यांना पुरा ऐकवतो, कळू दे कोणाचा आहे तो. चौथा चरण संपला. श्वास घेतला, 'दाजी' म्हणायला तोंड उघडलं, तर मागून झील सुटली, 'पेज निवे माझी'. एकट्यादुकट्याची नव्हे, आख्ख्या देवळाची. टाळ वाढले, पखवाज दुगुणीत गेला, लोकांनी गजर करून अभंग संपवून टाकला. तबकडीवर आहे तस्सा. मी पेटीवर हात ठेवून तोंड उघडं टाकून बसलेला.
माझीच माणसं. माझ्या पडवीत बसून माझ्याच विड्या ओढणारी.

ता. १८ मार्च
भिकूला जाब विचारला. भिकू म्हणजे आमचा पखवाज, वीस वर्षांचा सोबती. तो थंडपणे म्हणाला, लोकांक आता तसोच आवडता, बुवा, तुमचो शेवटचो चरण लांबण लावता. लांबण. वीस वर्षं त्यावर माना डोलावल्यान, तेव्हा लांबण नव्हती. त्याचा सदरा शिवायला पडलाय तो तसाच परत पाठवला, बिनबाह्यांचा.

ता. २ एप्रिल
ब.चं उत्तर. 'ती. बुवांस सा. न. वि. वि.' पासून सुरुवात, अक्षर अजून कोंबडीच्या पायाचं. लिहितो की तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांवर थोडंच काही मावतं. पाचवा चरण घेणार तोच भिंतीवरचा लाल दिवा लागला, काचेमागून साहेबाने हात वर केला, सगळ्यांनी गजर घेतला. दुसऱ्यांदा गायलो तरी दिवा तिथेच लागला. पारंपरिक कोणी छापलं ते त्याला ठाऊक नाही. तुमचे नाव मी सांगितले होते, असं दोनदा लिहिलंय.
लाल दिवा म्हणे. मग पहिला नाहीतर दुसरा गाळायचा होतास. नाव असलेला चरण कोणी गाळतो का? अभंगाचा शेवटचा चरण म्हणजे घराची पाटी, एवढं मी तुला नऊ वर्षांत शिकवलं नाही? पत्र चुलीत घातलं. या घराचा उंबरठा त्याला बंद, कायमचा.

ता. ११ एप्रिल
शेजारचे मास्तर मुंबईच्या पेपरातलं कात्रण घेऊन आले, हौशीने. तबकडीवर अर्धा रकाना लिहिलाय. कोकणच्या मातीचा वास, अमुक नि तमुक. पुढे लिहितो, ही रचना कोण्या जुन्या अज्ञात कवयित्रीची असावी, चुलीपुढे बसून देवाला हाका मारण्याचा हा जिव्हाळा पुरुषाला साधत नाही.
मास्तर मोठमोठ्याने वाचत होते. बाय दारात तांदूळ निवडीत होती, तिचा हात थांबला. मी म्हटलं, हे पेपरवाले अडाणी, यांनी जन्मात अभंग ऐकला नसेल. मास्तर म्हणाले, पण बुवा, म्हणतोय ते पटण्यासारखं आहे. मी त्यांना चहा विचारला नाही.

ता. २३ एप्रिल
दुपारी घरी आलो तर चूल थंड, बाय नाही. शेजारून तबकडी ऐकू येते. गेलो. मास्तरांनी फोनो आणि तबकडी दोन्ही घेतलीत. बाय त्यांच्या ओटीवर खांबाला टेकून डोळे मिटून बसलेली. मास्तरीण म्हणाली, तिसऱ्यांदा लावून घेतली त्यांनी.
घरी आणली आणि फाडफाड बोललो. तुझ्या भावाचं नाव पुसून लोक नाचतायत नि तू मांडी घालून ऐकतेस. ज्याला आपण जेवू घातलं त्याने आपला गळा कापला. असं बरंच बोललो, आता सगळं आठवत नाही. तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "बरा झाला शेवटचो चरण गेलो तो. तो माझो नाय होतो."
मी म्हटलं, म्हणजे?
"पेज पानार कशी रवतली रे? वांयच विचार तरी करूचो. बावीस वर्सां गावातली बायलमाणसां हसतत तुका."

ता. २४ एप्रिल
आज जेवायला बसलो तर ताट नव्हतं. केळीचं पान मांडलेलं. तिने पेजेचं भांडं आणलं आणि पळीने पानावर पेज वाढली. एक पळी, दुसरी, तिसरी. पेज पानावरून चारी बाजूंनी वाहिली, पाटाखाली गेली, माझ्या धोतरात आली. गरम होती. तिने भांडं खाली ठेवलं आणि समोर बसून राहिली. मी उठलो, धोतर बदललं, उपाशी दुकानात गेलो.

ता. २५ एप्रिल
लिहितो. ही वही कोणी वाचत नाही.
अभंग बायचा आहे. सगळा. चालही अर्धी तिचीच, ती चुलीपुढे गुणगुणायची त्यावरून मी बांधली. लग्नानंतर दीड वर्षात ती कुंकू पुसून परत आली, त्यानंतर दोनेक वर्षांनी तिने तो रचला. लिहायला येत नाही, तोंडीच. मला पाच चरण शिकवले, शेवटी तिचं नाव, 'भागी म्हणे' होतं. पुढच्या ओळी मला आठवत नाहीत. रिकाम्या हातांचं काहीतरी होतं त्यात, बाईनेच म्हणावं असं. देवळात पहिल्यांदा गायचा दिवस आला. भर सभेत विधवा बहिणीचं नाव कसं घेणार, लोक काय म्हणतील, असं मी स्वतःला समजावलं आणि देवळाच्या वाटेवर शेवटाला वेगळा चरण जुळवला. यमक जुळलं, मात्रा जुळल्या. पेज पातळ असते हे डोक्यात आलं नाही. आयुष्यात कधी वाढली असती तर आलं असतं.
घरी येऊन तिला सांगितलं, शेवट तेवढा बदललाय. ती 'हूं' म्हणाली. मी तो होकार धरला. लोक माझी पाठ थोपटत होते, मलाही बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटत होतं.

ता. ३ मे
घरात बोलणं बंद. जेवण ताटात येतं, पण भाताखेरीज काही मागितलं तर मिळत नाही. भिकू देवळात भेटला, तोंड फिरवून गेला. सदऱ्याच्या बाह्या दुसरीकडून लावून घेतल्यान, तिरक्या बसल्यात. बरं झालं.

ता. १९ मे
ब.चं पत्र, सोबत कंपनीचा छापील कागद. तबकडी एवढी चालली की कंपनी आता अख्खा अभंग घेते आहे, दोन्ही बाजूंवर मिळून, पाचव्या चरणासह. या खेपेला रचनाकाराचं नाव छापणार. कागदावर ओळ कोरी आहे: 'सदर रचना ......... यांची असून', खाली माझी सही. 'आपले नाव घालून सही करून ठेवावी, मी स्वतः न्यावयास येतो, पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने परत जाईन.'
तीन महिने हेच मागत होतो. टाक दोनदा शाईत बुडवला. आजही खरं सांगायचं तर मला तिथे माझंच नाव हवं आहे. पन्नाशी आली, दुसऱ्यांचे लेंगे शिवण्यापलीकडे माझ्या नावावर एवढी एकच गोष्ट आहे.

ता. २२ मे
तीन दिवस कागद गल्ल्यात. आज बायसमोर ठेवला, वाचून दाखवला. म्हटलं, तुझा चरण सांग, तोच छापूया, नावही तुझंच घालतो. वाटलं होतं रडेल, निदान हातातलं काम तरी ठेवील. ती माडाच्या झावळीचं चुडत विणीत होती, विणीतच राहिली.
मी विचारलं, विसरलीस की काय?
"याद आसा माका. बावीस वर्सां रोज म्हणतंय. पण तुका सांगूचंय नाय."
मग कोणाला, म्हटलं. तर म्हणते, बबन येतलो मां, तेका सांगतलंय. मी म्हटलं, तो या घरात पाय ठेवणार नाही. त्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घर काय तुझ्या एकट्याचा आसा?"

ता. २७ मे
ब. आला. नवा कोट, केसांना तेल. माझ्या पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतले. तो तसाच आत गेला, बायच्या पाया पडला. तिने त्याला स्वयंपाकघरात पाट दिला. जिथे मला बावीस वर्षांमागे अभंग शिकवताना दिला होता तिथेच.
मी पडवीत मशीनवर बसलो होतो, एक लेंगा उरकायचा होता. आतून बायचा आवाज आला. गात होती. मी तिला गाताना ऐकलं त्याला किती वर्षं झाली ते मोजता येत नाही. पहिला चरण, दुसरा, तिसरा. आवाज चिरका झालाय पण सूर जागेवर. चौथा संपला. 'भागी म्हणे' आलं आणि मी पाय थांबवला, नीट ऐकू यावं म्हणून.
आतलं गाणंही थांबलं.
"दाजी, मशीन कित्या थांबवलंस? चलव."
ती वाट बघत होती, मला दिसत नव्हतं तरी कळत होतं.
मी पाय चालवला. मशीनची घरघर सुरू झाली तशी ती पुढचं गायला लागली. नुसता सूर तेवढा ऐकू आला, शब्द एक नाही. दोनदा म्हटला तिने, त्याला पाठ होईपर्यंत. तेवढा वेळ मी चालवत राहिलो. दोरा केव्हाच संपला होता.
बोट उद्या सकाळी. कागद माझ्यासमोर आहे, नावाची जागा अजून कोरी, टाक बाजूला. बाय निजायला गेली, काही विचारलं नाही.