खिडकीतली हिरवी बाटली

वळ, भिवंडी
१२ जानेवारी २०२५

चि. पूर्वीस आईचे अ. उ. आ.

वाईनरीच्या सांडपाण्यावर शेवाळ पिकवायचं तुझं काम कसं चाललंय? इथे ठेवलेली तुझी शेवाळाची बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत सुखरूप आहे. रोज सकाळी न चुकता हलवते. बाबा म्हणतात, जन्मभर माठाचं शेवाळ घासणारी बाई आता त्याला अंगाई म्हणायचीच बाकी आहे. म्हणू देत. विरजण दोन घरी असावं, एकीचं नासलं तर दुसरीकडून आणता येतं, हे मला कुणी शिकवायला नको.

छातीत थोडं भरून येतं, गोदामांची धूळ असेल. जेवायला विसरू नकोस.

माझी माया आहेच, पत्र लिहीत जा.
तुझी आई


नाशिक
३ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगवत नाही, म्हणून पत्र. आईचे तेरा दिवस करून परतले, तर इथल्या हौदातलं शेवाळ मेलेलं. टाक्या धुतलेलं आंबट पाणी आधी निवळायचं, चुन्याने आंबटपणा मारायचा, मगच शेवाळाला द्यायचं. मी नसताना कुणीतरी ते तसंच सोडलं. चार वर्षं त्याला या पाण्याची सवय लावली होती, बाबा. हे विकत मिळत नाही.

आता बी उरलंय ते आईच्या बाटलीत. घरी असताना त्या खिडकीकडे बघायची हिंमतच झाली नाही. रविवारी न्यायला येते. आईचा हात रोज लागलेली आहे, म्हणूनही हवी आहे.

तब्येत सांभाळा. मला रागावणारं आता तुमच्याशिवाय कुणी नाही.
तुमची पूर्वी


वळ, भिवंडी
६ मार्च

चि. पूर्वीस अ. आ.

रविवारी रिकाम्या हाताने परत जाशील, म्हणून आधीच लिहितो. सुतक फिटलं त्या दिवशी रीतीप्रमाणे घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतलं. तू बाहेर बायकांत बसली होतीस. चंद्राआत्या माठ-हंडे रिकामे करत होती, खिडकीतली बाटली मी उचलली. तिला दोष देऊ नकोस. मीच ओतली, वर राखेने घासून लख्ख केली. घरातलं जुनं पाणी, एवढंच डोक्यात होतं.

जायच्या आदल्या दिवशीही तुझ्या आईने ती हलवली होती. धाप लागायची, तरी म्हणायची, पोरीचा जीव हाय त्यात, मी न्हाय इसरणार. तिने राखलेलं मी मोरीत सोडलं. फार वाईट वाटतं, पोरी.

तुझं पत्र आल्यापासून बाटलीत नळाचं पाणी भरून पुन्हा खिडकीत ठेवली आहे. सकाळी तिच्या वेळेला हलवतो. काही उगवणार नाही, हे मलाही कळतं. तू येऊन थांबा म्हणालीस की थांबेन.

लोभ कमी करू नकोस.
तुझे बाबा