गालाला लागलेला घास

२० नोव्हेंबर १९५६, मंगळवार

किळस! दुसरा शब्द नाही. गेनबाच्या ओसरीवर आज पुन्हा तोच तमाशा. थेरगावातल्या बायका वाट्या घेऊन आल्या आणि दहा वर्षांच्या धडधाकट तानीला भरवून गेल्या. देवी आल्या तेव्हा पोरीचे डोळे गेले, म्हणून ती देवीचं लेकरू! दहीभात, शिरा, पुरण – जिला तिला पुण्य हवंय. पोरीनं नुसतं तोंड उघडायचं. शेवटचा घास आईचा. गवराबाईंनी तो तोंडाऐवजी गालालाच लावला. दही हनुवटीवरून ओघळलं, ते पुसलंसुद्धा नाही. इतकी कसली घाई?

माझा आतेभाऊ बापू जन्मांध. पण स्वतःची दाढी स्वतः करायचा, शर्टाला बटणं लावायचा. आणि इथे ही अशी लोण्याचा गोळा करून ठेवलेली पोर! रात्रीचं जेवण गेलं नाही.

२३ नोव्हेंबर

गवराबाईंशी भांडले. पुण्याच्या अंधशाळेतल्या सुमनताई नऊ तारखेला तानीला बघायला येणार आहेत. पोर आपल्या हातानं जेवत असेल, अंघोळ-कपडे स्वतः करत असेल, तरच घेणार. म्हटलं, माझी शाळा सुटली की रोज तासभर तिला माझ्या हवाली करा.

"तिला कशापायी तरास, बाई? मी हाय की भरवायला."

शेवटी गेनबाच आतून ओरडला, "शिकवू दे. खाणारं एक त्वांड तरी कमी हुईल." काय बाप! पिंपरीच्या कारखान्यातून पाळी करून येतो, जेवतो, झोपतो.

निघताना चहा दिला. त्यात मुंग्या तरंगत होत्या! ओसरीच्या कडेला ओतून दिला.

२७ नोव्हेंबर

ताट शिकवलं. भाकरी पुढ्यात, कालवणाची वाटी उजवीकडे, मिरची लांब. जागा ठरली की बदलायची नाही. पोर हुशार आहे, एकदा सांगितलं की पुरे. माझ्या चपलांच्या आवाजावरून मला ओळखते.

मध्येच विचारलं, "बाई, दुसऱ्याला दावायचं आसलं तर बोट धरायचं का मनगट?"

"मनगट. पण आधी तू तर शीक!"

१ डिसेंबर

भाकरी थापली! कडा फाटल्या, पण थापली. चुलीपाशी हात कुठवर न्यायचा हे तिला आपोआपच कळतं.

आणि आईची तऱ्हा? विहिरीवर निघाल्या, तर घागर यांच्या कमरेवर आणि यांचा पदर मुठीत धरून तानी पुढे. मी मागून ओरडले, "सोडा तिला! चालू दे एकटी!" एकीनंही ऐकलं नाही. घरात भांड्यांना कालचं खरकटं, पिठात अळ्या, भाकरीत केस. दोन डोळे धड असून ही कळा! मला तिथे मांडी घालून बसवत नाही. पदर आवरून उकिडवी बसते.

४ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा वाट्या, पुन्हा बायका. आज मी सगळ्यांना तोंडावर बोलले. शेजारच्या कौशल्याबाईंनी मला बाजूला घेतलं.

"गवराबाईला लई बोलू नगा. गेनबाची पयली बायकू पायानं अधू झाली, तवा त्यानं तिला म्हायेरी धाडली ती धाडलीच. ही बी भिऊनच ऱ्हाती."

शी! बैल मोडला म्हणून बाजारात न्यावा तशी बायको. आणि गाव त्याला रामराम घालतं.

८ डिसेंबर

तानी तयार आहे. चुलीपासून वेणीपर्यंत सगळं आपल्या हातानं. उद्या बघाच म्हणावं!

९ डिसेंबर, रविवार

तोंडावर पाडलं पोरीनं!

सुमनताई समोर बसल्या. मी ताट मांडलं. तानीनं दोन्ही हात मांडीखाली घातले. "मला न्हाई येत. आई भरवती." मी चुचकारलं, दरडावलं. ढिम्म हलली नाही! उलट तोंड उघडून बसली, मंगळवारसारखी. परकर नेसायला सांगितला तर उलटा नेसली – मुद्दाम! आणि गवराबाई खांबाला टेकून नुसत्या रडत होत्या.

"अजून तयार नाही हो ही," सुमनताई हळूच म्हणाल्या आणि गेल्या.

फुकटचं गिळायची चटक लागलीय पोरीला, दुसरं काय! शिसारी आली मला. त्या आईची आणि तिच्याहून त्या पोरीची. पुन्हा त्या दारात पाऊल टाकणार नाही.

१० डिसेंबर

माझं ताट तिथेच राहिलं होतं. तेवढं आणायला भरदुपारी गेले. दार उघडं. चुलीपाशी त्या दोघीच. तानीनं आईचं मनगट धरलं होतं आणि ताटावरून फिरवत होती. "ही भाकरी. वाटी उजवीकडं. मिरची लांब हाय." गवराबाई चाचपडत वाटी शोधत होत्या.

माझी मलाच किळस आली. उंबऱ्याशी चपला वाजल्या असाव्यात. गवराबाईंनी मान वर करून थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कोण आलंय गं, ताने?"

तानी माझ्याकडे वळली.

"कुणी न्हाई, आई. तू जेव."