उकळती खळ आणि तीन पाहुणे

प्रिय गाठोड्या,

तर सगळ्यात आधी आला तो बुटका. सकाळचे नऊ वाजायचे होते, शटर मी अर्धंच वर केलं होतं, आणि ज्याला वाकायची काही गरज नाही असा हा माणूस उगाच वाकून आत शिरला. हातात नळाच्या पाइपाचा हातभर तुकडा. मला वाटलं नळवाला आला, कारण मागची मोरी तीन दिवस तुंबलेली आणि जागामालक आज पाठवतो, उद्या पाठवतो करतोय. मी म्हटलं, मोरी मागे आहे, बूट बाहेर काढ, फरशी आत्ताच पुसलीय. तर तो खरंच एक पाऊल मागे सरला. मग त्याला आठवलं आपण कशाला आलोय ते, आणि त्याने पाइप फिरवून काचेचं कपाट फोडलं. त्याच्या मागून लंबू आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, नोकरीच्या मुलाखतीला निघाल्यासारखा. आणि शेवटी तिसरा, डोळ्यांपर्यंत रुमाल बांधलेला. तो शटरपाशीच उभा राहिला. त्याचं नंतर सांगते.

आधी हे, की आम्ही दोघी जिवंत आहोत आणि दुकान चालू आहे. तुझ्या ताईच्या कपाळाला सहा टाके पडले, पुढचा एक दात गेला, आणि ओठ एवढा सुजलाय की पाणी प्यायली तर अर्धं हनुवटीवरून खाली. माझं डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. उजव्याने लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस, ते पहिल्यापासून असंच आहे. दुसरीत मी शाळेला सोडलं की शाळेने मला, यावरून तुझे आजोबा जन्मभर मला चिडवत गेले. तीन दिवस झाले, रोज थोडं थोडं लिहितेय. फोनवर सांगितलं असतं, पण गेले आठ महिने तू "आजी, कामात आहे" म्हणून फोन ठेवतोस, आणि ही गोष्ट अर्ध्यात ठेवून देण्यासारखी नाही. किल्लीवाला, म्हणजे आमच्या शेजारचा किल्ल्या बनवणारा, हे पत्र स्वतः येऊन तुझ्या हातात देईल.

तू म्हणशील, म्हातारी मारामारीचं एवढं कौतुकाने काय लिहिते. अरे, मला फार आनंद झालाय, तो लपवू कुठे? तुझी ताई कशी होती ते तुला माहीतच आहे. शाळेत कुणी वेणी ओढली तर हीच "माफ कर" म्हणायची. मोठ्या लॉन्ड्रीत वाफेच्या प्रेसचं झाकण खाली आलं आणि तिचा दंड कोपरापासून खांद्यापर्यंत सोलवटून निघाला, कातडी हातमोज्यासारखी सुटून आली, तेव्हासुद्धा ती मालकालाच म्हणाली, माझंच लक्ष नव्हतं. लक्ष नव्हतं म्हणे. त्या झाकणाची स्प्रिंग तुटलीय हे तू, मी आणि ती, तिघांनी वेगवेगळं जाऊन त्याला सांगितलं होतं. मऊ लागलं म्हणून माणसं कोपराने खणतात. मालकाने पंधरा दिवसांनी तिला सांगितलं, भाजलेला हात गिऱ्हाइकांना दिसतो, तू मागच्या खोलीत ओले कपडे पिळत जा.

त्या दिवशी तिने ठरवलं. आपण या शहरात आलो होतो ते तुझ्या चिठ्ठीवर, हे मी विसरलेले नाही. आपल्या गावात घरोघरी मशिनी आल्या, आपल्याकडे धुवायला राहिलं काय, तर पडदे. तू पुढे आलास, मोठ्या लॉन्ड्रीत कामाला लागलास आणि कळवलंस, आजी, इथे हॉटेलं आहेत, दवाखाने आहेत, सगळं शहर मळतं, या. आम्ही दोन बोचकी आणि ती कपडे बडवायची थापी घेऊन आलो. ताई म्हणाली, शहरात थापी कशाला. पण माझ्या सासूने त्याच थापीने एकदा माझी दोन बोटं मोडली होती, तेव्हा तिचं वजन मला चांगलं ठाऊक होतं, आणि जिचं वजन ठाऊक आहे ती वस्तू मी मागे ठेवत नाही. तीन वर्षं आपण तिघं त्या मालकाकडे राबलो. मग ताई बाहेर पडली, चांभाराने सोडलेली ही दहा बाय बाराची खोली घेतली, आणि तू तिथेच राहिलास. मालकाने तुला नवी शाखा देतो म्हणून कबूल केलं होतं. मी तुला अडवलं नाही. दोघांनी एकाच होडीत बसायचं नसतं, एक राहू दे किनाऱ्यावर, असंच मी ताईला समजावलं.

पण गाठोड्या, झालं असं की लोकांना ताईचा हात आवडला. आधी परिचारिकांचं वसतिगृह आलं, मग स्टेशनसमोरचं हॉटेल आलं, चादरी, अभ्रे, टॉवेल, सगळं. ताईने कुणाला बोलावलं नव्हतं. तुझ्या मालकाने माणूस पाठवून सांगितलं, हॉटेलाच्या चादरी परत कर, नाहीतर तुझं दुकान मी बंद करून दाखवतो. ताईने त्या माणसाला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. हे सोमवारी. मंगळवारी सकाळी बुटका हजर.

तर आता ऐक नीट. कपाट फुटलं तेव्हा ताई मधल्या टेबलावर हॉटेलाच्या चादरीला इस्त्री करत होती, इस्त्री चांगली तापलेली. लंबूने तिचे केस मुठीत धरले आणि तोंड टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा. दात तिथे गेला. इस्त्री हातातून सुटून चादरीवर पालथी पडली आणि जळका वास सुटला. पांढऱ्या चादरीवर रक्त किती दिसतं म्हणून सांगू, एवढंसं असतं पण खाटीकखाना वाटतो. बुटका तोपर्यंत फळ्या पाडत होता. डॉक्टरांचे कोट, घड्या घातलेले, सगळे खाली, आणि वरून तो बुटांनी तुडवतोय. फोडलं ते फोडलं, पण घडी तुडवली तेव्हा माझं डोकं फिरलं. शेगडीवर खळ उकळत होती, अभ्र्यांसाठी, चांगली दाट. मी पातेलं उचललं आणि त्याच्या मांड्यांवर ओतलं.

पाणी ओघळून जातं रे, खळ जात नाही. ती चिकटते आणि भाजतच राहते. बुटका असा ओरडला की समोरच्या इमारतीतली सगळी पोरं खिडकीत आली. तो पँट ओढतोय आणि पँटीबरोबर कातडीही येतेय. मला काही वाईट वाटलं नाही, देवाशपथ सांगते. ताईच्या दंडाची आठवण झाली आणि वाटलं, बघ बाबा, असं असतं ते. गडबडीत पातेलं माझ्याही मनगटावर आदळलं असेल, नाहीतर मागाहून पडले त्यात मोडलं असेल, नक्की कशाने ते मलाच माहीत नाही.

आणि मग ताई. लंबू तिसऱ्यांदा आपटायला तिचं डोकं मागे घेतो तोच तिच्या हाताला इस्त्री लागली. तिने ती उचलली आणि मागे न बघता त्याच्या हातावर टेकवली. टेकवली म्हणजे काय, दाबून धरली. कॉलरीवर धरतात तशी, तेवढाच वेळ, त्याच जोराने. लंबूने केस सोडले तरी तिने सोडलं नाही. मग वळून इस्त्रीचं टोक त्याच्या गालफडात घातलं. माझी गरीब गाय, जिने आजवर मुंगी मारली नव्हती. तोंड रक्ताने भरलेलं, आणि त्या फुटक्या तोंडाने ती त्याला म्हणाली, "चादर परत धुवावी लागेल आता. बस खाली आणि धू." लंबूच्या तोंडचं पाणी पळालं. मी हसले रे. फुटलेल्या काचांच्या मधोमध बसून हसले. तेवढ्यात किल्लीवाला कानस घेऊन धावत आला आणि पाहुण्यांना पळता भुई थोडी झाली. लंबू पुढे, बुटका मागे, अर्ध्या पँटीत.

पोलीस दुपारी आला. चांगला होता बिचारा, चादरीवर पाय न देता उभा राहिला. बुटका आणि लंबू त्याला लगेच कळले, दोघंही दवाखान्यात जाऊन पडलेत, कुठे जाणार. त्याने विचारलं, तिसरा कोण? कपाळाचं रक्त ताईच्या डोळ्यांत गेलं होतं, तिने काहीच पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, साहेब, माझी नजर अधू आहे, तोंडाला रुमाल होता, मला कसं कळणार. त्याने लिहून घेतलं. आयुष्यात मी खोटं बोलले ते दोनदा, एकदा तुझ्या आजोबांना आणि परवा.

आता तिसऱ्याचं. लंबूने त्याला हाक मारली, त्या थेरडीला आवर म्हणून. तो आला. मी थापी घेऊन लंबूच्या अंगावर धावत होते, याने मला मागून कवटाळून धरलं. मी वळून थापी फिरवली ती त्याच्या डाव्या कानावर बसली. टणकन वाजलं. मग त्याने मला ढकललं. मी मळक्या कपड्यांच्या ढिगावर पडले, भिंतीवर नाही, शेगडीवर नाही. ते मुद्दाम की नशिबाने, ते तो जाणे. पण त्यानंतर त्याने जे केलं ते नशिबाने होत नाही. टेबलाजवळून जाता जाता त्याने पालथी पडलेली इस्त्री उचलली आणि उभी करून ठेवली. दुकान फोडायला आलेल्या माणसाने, बूड टेकवून, मूठ बाहेरच्या बाजूला, वायर मागे. चादर जळायची थांबली. त्याने मुद्दाम केलं नाही, त्याला कळलंही नसेल. त्याचा हातच तसा घडलाय. दहाव्या वर्षी इस्त्री पालथी ठेवली म्हणून मी ज्याच्या थोबाडीत दिली होती, आणि मग रात्रभर ज्याच्या उशाशी बसले होते, त्याच्याशिवाय हे कुणाला जमणार? ताईच्या हाताला इस्त्रीची मूठ लागली ती तू उभी ठेवलीस म्हणून. लंबूला हे सांगू नकोस, तुझा जीव घेईल.

म्हणून हे पत्र, गाठोड्या. कान डॉक्टरला दाखव, आतून पू येत असेल तर दुर्लक्ष करू नकोस. मी जोरात मारलं, आणि तू आहेस हे आधी कळलं असतं तरी मारलंच असतं, एवढं मनात धरून ठेव. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलू कुणाला? ताईला मी सांगितलेलं नाही. तू तुझ्या तोंडाने सांगशील, रुमाल काढून, दिवसाउजेडी, तिच्या समोर उभा राहून. ती कदाचित तुला हाकलेल. हाकललं तर पायरीवर बस, मी आहे. खोलीत दुसऱ्या टेबलाला जागा केलीय, परिचारिकांचं काम आमच्या दोघींच्याने उरकत नाही. तसं यायचं नसेल आणि मालकाच्या माणसांबरोबरच यायचं असेल तर तसाही ये, पण तेव्हा माझी नजर अधू नसेल. तिसऱ्याचं काही आठवलं तर पुढच्या शुक्रवारपर्यंत येऊन सांगा, असं तो पोलीस म्हणून गेलाय. आणि खळ मी मोठ्या पातेल्यात करायला लागलेय. बुटका जाता जाता दारातून ओरडून गेलाय, मालकाची आणखी माणसं घेऊन येतो, या वेळी दुकानाची भिंतही ठेवत नाही. दिवस-वेळसुद्धा सांगून गेलाय, पुढच्या गुरुवारी, दुपारी चारला.

तुझीच, थोबाडीत देऊन उशाशी बसणारी,
आजी