बिनकठड्याचा जिना

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कागदावर, प्रत्यक्षात वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात). तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला गेला, की तुझ्या दुकानातल्या वेल्डिंगच्या धुराशी त्यांनी कायमचा घरोबा केलाय? मी खुशाल आहे. हा शब्द पत्रात लिहायचा असतो म्हणून लिहिला. खोडला तर कागद वाईट दिसेल, आणि आमच्या घरात वाईट दिसणं हा एकमेव गुन्हा आहे.

आमचं घर तुला ठाऊक आहे. बारा बिऱ्हाडं; दोन-दोन खोल्या ज्याच्या त्याच्या, स्वयंपाकघर, जेवणघर, वाचनालय आणि जिना सगळ्यांचा. निर्णय एकमताने, म्हणजे एक जण जरी अडून बसला तरी विषय बारगळतो. शिवाय एक सौंदर्य मंडळ आहे: आर्किटेक्ट, फुलवाली आणि निवृत्त चित्रकला मास्तर. आग विझवायचं लाल नळकांडं त्यांनी वेताच्या टोपलीत घातलं (वर सुकी फुलं, म्हणजे पेटायचीही सोय). बाहेरची वाट दाखवणारा हिरवा दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून त्यावर पडदा सोडला. आणि जिना! गुळगुळीत लाकडी पायऱ्या, एका बाजूला पांढरी भिंत, दुसरी बाजू मोकळी, कठडा नाही. पाहुणे खालून वर बघतात आणि अहाहा म्हणतात. वरून खाली बघून अजून कुणी म्हटलेलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात, त्यांना आम्ही मावशी म्हणतो. मागेपुढे कुणी नाही. गेल्या वर्षी त्यांनी जिन्याला कठडा मागितला आणि पायऱ्यांच्या कडांना पिवळी खरखरीत पट्टी. सगळे तयार होते, आर्किटेक्टसुद्धा कुरकुरत का होईना वळला होता. आडवा आलो मी. दादा, मी चाळीस मिनिटं बोललो. ग्रीकांच्या खांबांपासून निघालो, तुरुंगांचे आणि दवाखान्यांचे जिने चढून आलो, भीतीने माणसाचं जग किती कुरूप केलंय ते दाखवलं आणि लोखंडी कठड्याची बरोबरी कुत्र्याच्या पट्ट्याशी केली. फुलवाली रडायला लागली. मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "बोललात छान हो. पण मी धरू कशाला?"

मी हात पसरले. "एकमेकांना धरा, मावशी!"

टाळ्या थांबेनात. मावशीही हसल्या. विषय बारगळला.

अकरा दिवसांपूर्वी सकाळी खालच्या जेवणघरात माझं व्याख्यान होतं. मावशी जिना उतरत होत्या आणि त्यांच्या दोन पायऱ्या मागे मी, दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या घेऊन. त्यांची चप्पल सरकली. हात भिंतीवर गेला आणि भिंतीवरून घसरत राहिला, बरोबर कमरेच्या उंचीवर, जिथे कठडा असतो तिथे. त्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मग त्या थेट खाली गेल्या. आता तुला जे लिहितो ते कुणालाही सांगितलेलं नाही. मी आधी खुर्च्या भिंतीला अलगद टेकवल्या, ओरखडा उठू नये म्हणून. मग धावलो.

खुबा मोडला, डोक्याला टाके पडले. रक्त लाकडात मुरलं. फोन आधी रुग्णवाहिकेला गेला की पॉलिशवाल्याला, यावर घरात दोन मतं आहेत.

पुढे दवाखान्यातून एक बाई येऊन जिना बघून गेल्या. म्हणाल्या, "अहो, इथे तर मीच भिंतीला पाठ लावून उतरले!" महिनाअखेरपर्यंत कठडा आणि पट्ट्या बसल्या तर मावशी घरी, नाहीतर शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात, एका खोलीत सहा खाटा. चार दिवसांपूर्वी वरच्या वाचनालयात (माझ्या दाराला लागूनच) सभा झाली. कठड्याला तत्त्वतः होकार मिळाला. मात्र तो भिंतीच्याच रंगाचा, करंगळीएवढा बारीक आणि शक्यतो न दिसणारा हवा. नमुना, चर्चा, बदल धरून तीन महिने. मी उठलो. म्हटलं, मी चुकलो, माझ्या जिभेने त्या बाईचं हाड मोडलं, उद्याच्या उद्या लोखंड आणा. दादा, आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नव्हतो. टाळ्या पडल्या. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "काय बोलता हो तुम्ही!" आणि तीन महिने तसेच राहिले.

मावशींना अजून भेटायला गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो आता जरा उपयोगी पडू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. बुधवारी सकाळी सगळे नमुना बघायला आर्किटेक्टच्या कार्यालयात जाणार आहेत. तू ये. मुठीत मावेल असा गोल पाइप आण, दोन्ही बाजूंना पुरेल एवढा, आणि ड्रिल. रंग सगळ्यात भडक असेल तो. भिंतीची दयामाया करू नकोस. शिव्या मी खाईन. पाकीट डिंकाने दोनदा चिकटवलंय, कारण ते टपालात टाकणार आहे फुलवाली.

ता. क. २. मापं लिहिली नाहीत, कारण घेतलेली नाहीत. वर लाज लिहिली ते खोटं आहे. अकरा दिवस मी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेलो नाही. पहिल्या पायरीवर पाय ठेवला की हात भिंत चाचपायला लागतो आणि मी मागे फिरतो. लोक दाराशी ताट ठेवून जातात; त्यांना वाटतं मी प्रायश्चित्त घेतोय. मी खुलासा केलेला नाही. म्हणून काम वरच्या पायरीपासून सुरू कर. तू जसजसा खाली जाशील, तसतसा मी मागून येईन आणि तसाच दवाखान्यात जाईन. तिथे काय बोलायचं, ते मात्र सुचत नाही.