साकवाचा कौल

६ जानेवारी १९४१, सोमवार

मिळाला! ओढ्यावरचा साकव मला मिळाला. दगडी, तीन गाळ्यांचा, आणि कागदावर ओव्हरसियर म्हणून माझं एकट्याचं नाव! लोणंद स्टेशनवर उतरल्यापासून बैलगाडीत गात आलो. गाडीवान म्हणाला, "सायेब, लगीन ठरलं का काय?" म्हटलं, त्याहून मोठं ठरलंय.

सांगलीला घरी तात्यांना पत्र टाकलं. वाचून म्हणतील, आधी बांध, मग नाच. म्हणू देत.

८ जानेवारी

साकवाला जागा दोन. एक वरच्या वळणावर, दुसरी खाली उताराशी, जिथून लोक आत्ताही पाण्यातून ये-जा करतात. खाली सगळा गाळ, आणि काठाला पंचांचे मुख्य हंबीरराव यांचा उसाचा फड.

वरच्या जागी एक खड्डा घेऊन पहार मारली — ठण्ण! कमरेइतक्या खोलीवर कातळ. मी तिथंच उडी मारली, गडी हसायला लागले. दुसरीकडे कुठे मारायची गरजच काय? कातळ तो कातळ.

पलीकडच्या वस्तीवरच्या राहीबाई काठावर येऊन उभ्या होत्या. त्यांची सून पोटुशी आहे, दिवस आषाढात भरतात. ओढा चढला की वस्ती त्या काठाला आणि सुईण ह्या काठाला. "कुठं बी बांदा सायेब, पर पावसाच्या आदी बांदा." मी छाती ठोकून हो म्हटलं.

९ जानेवारी

दरबारचा हुकूम आला — 'जागा नक्की करण्यापूर्वी गावाचा कौल घ्यावा.' संस्थानात आता नवा कारभार, सगळं रयतेला विचारून! हंबीररावांना वाचून दाखवला. म्हणाले, "कौल व्हय? लावू की सोमवारी."

सभेचं भाषण पाठ करतोय. कोट गादीखाली घातलाय, घडी बसायला.

१३ जानेवारी, सोमवार

हसून हसून पोट दुखतंय!

कोट चढवून, नकाशा काखेत मारून चावडीवर गेलो, तर तिथं चिटपाखरू नाही. सगळं गाव भैरोबाच्या देवळात! नाथाजी गुरव देवाला ओल्या कळ्या चिकटवून बसलेला. उजवी पडली तर वरची जागा, डावी पडली तर खालची. हुकुमातला गावाचा कौल म्हणजे भैरोबाचा कौल, असं धरून बसलेत हे!

सांगायला तोंड उघडलं होतं — मंडळी, हुकुमाचा अर्थ तसा नाही, तुम्हीच बोला, हात वर करून सांगा. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात उजवी कळी टपकन खाली. झालं, मिटलं तोंड! कोटभर गुलाल. देवाबिवावर माझा काडीचा विश्वास नाही, पण आज भैरोबाला साष्टांग घातला.

दरबारला कळवलं — 'गावाचा कौल एकमताने वरच्या जागेस मिळाला.' एक अक्षर खोटं आहे का? नाही!

१४ जानेवारी, संक्रांत

हंबीररावांकडे तिळगुळाला गेलो. म्हणाले, "सायेब, कौल झाला त्ये झालं. पर खड्डा येकच का मारला? माणसं खालनं जात्यात, तितं बी बगा की."

मी म्हटलं, "देवानं सांगितल्यावर आणखी खड्डे कशाला? का खाली साकव झाला की तुमच्या गुळाच्या गाड्यांची सोय होते?"

ओसरीवरची सगळी माणसं खो खो हसली. हंबीररावही हसले, जरा उशिरा. मग माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, "ग्वाड बोला" म्हणाले.

काय पण सुचतं मला आयत्या वेळी! खोलीवर येईपर्यंत हसत होतो.

२ फेब्रुवारी

दगड आला, चुना आला, गडी आले. उद्या पाया! राहीबाईंनी पदरात बांधून शेंगा आणल्या. "आता घोर न्हाई," म्हणाल्या.

३ फेब्रुवारी

नारळ मी फोडला. एका फटक्यात!

११ फेब्रुवारी

धोंडा निघाला.

कातळ नव्हताच. कधीतरी पुरात आलेला एक मोठा धोंडा, आणि माझी पहार नेमकी त्याच्यावर बसली होती. चहूबाजूंनी गाळ. आज पहार आख्खी आत गेली तरी काही लागलं नाही. गडी माझ्या तोंडाकडे बघत होते. राहीबाईही काठावर होत्या, पाठ फिरवून वस्तीकडे चालू लागल्या.

१२ फेब्रुवारी

सकाळीच हंबीररावांना गाठायला निघालो. खाली उताराशी भेटले. गड्यांना लावून स्वतःचा ऊस तोडत होते — कोवळा, गुऱ्हाळाला यायला कितीतरी अवकाश असलेला. खाली साकव झाला तर रस्ता ह्याच फडातून जाणार. नकाशा महिनाभर काखेत मिरवला, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मोकळं करतुय," म्हणाले. "काय खड्डं मारायचं त्ये मारा आता."

मग मी कौलाचं सांगितलं. हुकुमाचा अर्थ, दरबारला काय लिहिलं, सगळं. ते उसाकडेच बघत होते.

"ठावं हाय," म्हणाले. "त्या दिशी देवळात तुमी तोंड उघाडलं व्हतं. मिटल्यालं बी बगितलं म्या. आज चावडीवर उघडा."